कंबरेचं दुखणं, घराचं काम

मानोरा तालुक्यात सोयाबीनची सोंगणी असो, निंदण असो की कापसाची वेचणी, वावरातलं बहुतेक काम वाकूनच होतं. संध्याकाळी बाई म्हणते, "कंबर धरली," आणि तशीच चुलीपुढं बसते. हे दुखणं आपण सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. ते तसं धरू नये.

कंबरेत पाच मणके असतात आणि त्यांच्यामध्ये लवचिक गाद्या. तासन्‌तास वाकून राहिलं की गाद्यांवर ताण येतो, स्नायू थकतात. बहुतेकदा यामागे गंभीर आजार नसतो आणि काही आठवड्यांत आराम पडतो. पण दिवसचे दिवस पडून राहिल्यानं कंबर उलट आखडते. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशींतही व्यायामाला स्थान आहे.

म्हणून पिकाची एक ओळ संपली की ताठ उभं राहा, थोडं चाला. पोतं उचलताना गुडघ्यात वाका, ओझं अंगाजवळ धरा. कमरेला बांधलेली कापसाची झोळी जड होण्याआधीच रिकामी करा. पाय बधिर झाला, पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा सोबत ताप आला, तर मालिश करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि घरातल्या पुरुषांनो, पाणी भरणं, पोती उचलणं, स्वयंपाक, ही कामं वाटून घ्या. सुरुवात आजच करा.