विकत घेतलेल्या कॅसेटची नक्कल

कीर्तनाची कॅसेट पैसे मोजून घेतली. आता फीत चिकटते, तिला बुरशी धरते आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा सापडत नाही. त्यातला आवाज मोबाईलमध्ये उतरवून घेतला तर ती चोरी का? माझ्या मते नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाची प्रत काढायचा हक्क हक्कदाराकडे ठेवला आहे खरा. पण त्याच कायद्याचे कलम ५२ खाजगी वापरापुरत्या उचित व्यवहाराला सूट देते, आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर ती ध्वनिमुद्रणालाही लागू झाली. उचित म्हणजे किती, हे मात्र कायद्याने मापून दिलेले नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे.

ठरवताना नांदेड जिल्ह्यातल्या माहूरकडे पाहावे. महानुभावांचे हे मोठे स्थान, आणि हा पंथ टिकला तो पोथ्यांच्या नकलांवर. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलकार हमखास लिहून ठेवी की समोर दिसले तसे उतरवले, चुकीचा दोष माझा नाही. पोथीला तेलापाण्यापासून जपा, असेही तो विनवी. हाच पंथ ग्रंथ सकळ लिपीत लिही, बाहेरच्यांना वाचता येऊ नयेत म्हणून. तिचा उलगडा इतिहासाचार्य राजवाडे यांनी केला तोवर विसावे शतक उजाडले होते. म्हणजे जपणे आणि वाटणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे नकला करणाऱ्यांनाच पक्के ठाऊक होते. गुप्ततेचे समर्थन मी करत नाही. भेद तेवढा घेतो.

कुणी म्हणेल, ज्ञान दिल्याने वाढते, मग आडकाठी कशाला? पोथी नकलणारा महिनोन्‌महिने स्वतःचे डोळे झिजवी. लातुरात क्लासच्या नोट्सचा एक संच घेऊन त्याची पीडीएफ शेकडो मोबाईलांवर धाडणारा काय झिजवतो? तो दुसऱ्याच्या कष्टाचे दान करतो. उलट बाजूने कंपनी म्हणेल, नव्या रूपाचे नवे पैसे द्या. आवाज स्वच्छ करून दिला तर जरूर घ्यावेत. फीत कुजली, एवढ्यासाठी ऐकणाऱ्याने दुसऱ्यांदा का मोजावेत? आणि मूळ कॅसेट विकली तर मोबाईलमधली नक्कलही पुसायला हवी, कारण ऐकायचा हक्क तिच्याबरोबर गेला. बुरशीने खाल्लेली फीत उकिरड्यावर टाकली असेल, तर मात्र नक्कल खुशाल ठेवावी.