हाताची आठवण

आपल्या लेकराला क्रूसाची खूण आपण कशी शिकवली? अर्थ सांगून नव्हे. त्याचा इवलासा हात हातात धरला आणि कपाळावरून छातीवर, मग एका खांद्यावरून दुसऱ्यावर नेला. अर्थ मागाहून आला. आधी शिकला तो हात.

हाताची आठवण खरोखरच वेगळी असते. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्या मेंदूवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नवे घडलेले काहीच त्यांच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. काल हे केले होते, हे त्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नसे. पण तीन दिवसांत हात मात्र सफाईने फिरू लागला.

मग हाताला जे कळते त्याला ज्ञान म्हणायचे की नाही? आपल्या आष्टी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. दिवाळी झाली की कित्येक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. घरी सांभाळायला कोणी नसेल तर लेकरेही कोपीवर जातात. तिथे मुलगी वाढ्यांची पेंढी बांधायला शिकते, धाकट्याला कडेवर घेऊन चूल पेटवते. हंगाम संपवून ती शाळेत येते, फळ्यावरची बेरीज चुकते आणि ‘ढ’ ठरते. हा अन्याय आहे. पण ती फडात शिकतेच आहे, शाळा बुडाली तर काय झाले, असे म्हणणे हा त्याहून मोठा अन्याय. (असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा शाळेत असतात.)

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी या दोन्ही चुका टाळल्या. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला त्यांनी १९४५ साली काम सुरू केले. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत मूल खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवून ती शिकते. पण तिची साधने महाग. या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पाने घेतली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मुले जिथे होती तिथे शाळा गेली, आणि त्यांच्या हातातल्या वस्तूंवरूनच अक्षर-अंकांकडे वाट काढली.

आपल्या मुलीपाशी ऊस आहे. त्याची दहा कांडकी झाली की एक मोळी बांधायची. सात आणि पाच कांडकी एकत्र केली, तर एक मोळी बांधून दोन सुटी उरतात. ती मोळी म्हणजेच फळ्यावरचा ‘हातचा एक’.