रद्दीचा सोफा

डोंबिवलीत एका जोडप्याने नवा फ्लॅट घेतला आणि आजींना घेऊन ते राहायलाही आले. हॉल कसा सजवायचा, हे मात्र ताबा मिळायच्या आधीच ठरलं होतं. बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट दोघांच्या डोळ्यांत भरला होता: गडद निळ्या भिंती, बुटका एल आकाराचा सोफा, मधोमध काचेचं टीपॉय. सुतारमिस्त्रींपुढे मोबाइल धरून सून म्हणाली, "अगदी अस्संच हवं."

मिस्त्रींनी टेप लावली. हॉल १० बाय १५. "ऑर्डर चार दिवसांनी द्या, ताई. तोवर सोफा माझ्याकडून फुकट!" त्यांनी घरातली रद्दी मागितली आणि ८ फूट बाय ६ फुटांचा सोफा फरशीवर कागदांनी मांडून कडांना चिकटपट्टी लावली. खिडकीच्या भिंतीवर आणि तिच्यासमोरच्या भिंतीवर त्याच निळ्या रंगाचा दोन-दोन फुटांचा चौकोन मारला. "आता यावर पाय न देता वावरून बघा."

चार दिवसांनी मिस्त्री आले, तर कागदाच्या एका कोपऱ्याच्या चिंध्या झालेल्या.

"इथून कोण जातं?"

"सगळेच," नवरा ओशाळून म्हणाला. "कपडे वाळत घालायला बाल्कनीत जायचा हाच रस्ता."

"आणि रात्री बाथरूमला जायचा माझा," आजी म्हणाल्या.

खिडकीच्या भिंतीवर उजेड थेट पडत नव्हता, त्यामुळे तिथला निळा भरदिवसाही काळपट दिसत होता. समोरच्या भिंतीवर तोच रंग खुलला होता.

मग मिस्त्रींनी आजींना बसवून पाहिलं. १४ इंचांच्या स्टुलावरून उठताना त्यांनी सुनेचा खांदा धरला. १८ इंचांच्या खुर्चीवरून मात्र कुणाचा हात न धरता उठल्या.

सून हिरमुसली. "सॅम्पल फ्लॅटमध्ये तर सगळं किती छान दिसत होतं!"

"दिसणारच. तिथलं फर्निचर मीच केलंय," मिस्त्री हसले. "तिथे ना कुणाला कपडे वाळत घालायचे, ना कुणाला रात्री उठायचं. तो फ्लॅट विकण्यासाठी सजवलाय, ताई. तुम्हाला इथे राहायचंय."

शेवटी तिघांना पुरेल असा सरळ सोफा आला, बैठक १८ इंचांची. बाल्कनीपर्यंत तीन फुटांची वाट मोकळी राहिली. टीपॉयच्या जागी हवी तिकडे सरकवता येतील अशी दोन स्टुलं आली. सुनेचा लाडका निळा खिडकीसमोरच्या भिंतीला लागला, उरलेल्या तिन्ही भिंती ऑफ-व्हाइट झाल्या.

तात्पर्य: घर सजवण्याआधी घरातल्या माणसांचं उठणं-बसणं आणि येणं-जाणं नीट बघावं.