तंत्रज्ञान लिहायचे कुणासाठी?

तंत्रज्ञानावर मराठीतून, स्वतःच्या नावाने, नियमित लिहायचे असे ठरवणारे तरुण आज अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात तालुक्यातालुक्यात आहेत. कुणी अभियांत्रिकी केलेले, कुणी आयटीआय करून सुप्याच्या नाहीतर नागापूरच्या एमआयडीसीत लागलेले. ब्लॉगचे नाव ठरते, मांडणी ठरते, स्वागताचा लेख होतो, नव्या फोनची माहिती येते आणि मग लेखन थांबते. कारण विचारले तर वेळ मिळत नाही म्हणतात. मला हे कारण पुरेसे वाटत नाही. ज्या फोनची माहिती मोठमोठी माध्यमे तासाभरात देतात, ती आपण पुन्हा लिहिली तर तिची वाट कोण पाहणार? वाट पाहणारा कुणी नसेल, तर लिहिणाऱ्याची उमेद किती दिवस टिकणार?

नियतकालिके चालवण्याची या जिल्ह्याची परंपरा जुनी आहे. 1842 साली अमेरिकन मिशनने अहमदनगरात ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्याच्या पाठीशी संस्था होती. पण 1910 पासून 1967 पर्यंत ‘दीनमित्र’ चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांचे काय? नेवासा तालुक्यातले तरवडी हे त्यांचे गाव. ‘दीनबंधु’ काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे ते चिरंजीव; सत्यशोधक विचाराचा वारसा घरातलाच. पुण्या-मुंबईपासून दूर, खेड्यात बसून साप्ताहिक काढायचे, तेही पन्नासहून अधिक वर्षे, ही केवळ हौसेने होणारी गोष्ट नव्हे. आपण कुणासाठी लिहितो हे त्यांना पक्के ठाऊक होते. कुळकर्ण्याच्या दप्तरापुढे आणि सावकाराच्या वहीपुढे अडणारा शेतकरी त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याच्याशी बांधिलकी मानली की पुढचा अंक काढायचा की नाही, हा प्रश्न मनाच्या लहरीवर राहत नाही.

‘दीनमित्र’ हे समाजसुधारणेचे पत्र होते, तंत्रज्ञानाचे नव्हे, हे खरे. पण वाचक निवडण्याची ही रीत तंत्रज्ञानालाही लागू पडते. एकच उदाहरण पाहू.

शेतीला थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने अंधारात मोटरीवर जायला कुणी धजत नाही. म्हणून स्टार्टरला ऑटोस्विच बसतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी अशा एकदमच सुरू होतात. सुरू होताना इंडक्शन मोटर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. व्होल्टेज पडते, मोटरींना वेग घ्यायला वेळ लागतो, भार आणखी रेंगाळतो, फ्यूज उडतो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार घालते. तिथे संरक्षण संपते आणि पुढच्या वेळी डीपीच जळतो. ऐन भरणीच्या दिवसांत पीक पाण्यावाचून उभे राहते. उपाय माहीत नसलेले नाहीत: प्रत्येक मोटर काही सेकंदांच्या फरकाने सुरू होईल असा टायमर लावायचा आणि योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवून चालू मोटरीचा लाइनवरचा भार कमी करायचा.

ही साखळी कारणांसह, आकृती काढून, साध्या मराठीत मांडली तर ती कुणाला हवी आहे हे विचारावे लागत नाही. लिहिणाऱ्याला पुढचा विषयही शोधावा लागत नाही. त्या लेखावर येणारा पहिला प्रश्नच पुढचा लेख ठरवतो.

आता तर सगळे व्हिडिओत मिळते, असा आक्षेप येईल. व्हिडिओचा उपयोग आहेच. पण बांधावर रेंज नसताना उघडता येणारा, नेमकी ओळ शोधता येणारा आणि चूक निघाली तर तेवढीच दुरुस्त करता येणारा मजकूर लेखी असावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तंत्रज्ञान लवकर जुने होते, मग लिहून उपयोग काय? जुनी होतात ती मॉडेले आणि किमती. मोटर सुरू होताना जास्त करंट का ओढते, याचे कारण बदलत नाही. कारणावर भर द्यावा, तपशिलाला तारीख घालावी आणि बदल झाला की जुन्या लेखात तो नोंदवावा. अशी डागडुजी हा लेखनाचाच भाग आहे.

मराठीत तंत्रज्ञान कमी लिहिले जाते याची खंत आपण व्यासपीठांवरून पुष्कळ केली. ती उणीव भरून काढायला मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. ज्याने स्टार्टर दुरुस्त केला, ठिबकची लॅटरल बुजण्याचे कारण शोधले, सीएनसी मशीनवरचा अलार्म सोडवला, त्याने तेवढेच लिहावे. कुणासाठी ते आधी ठरवावे, दिवस नेमावा आणि तो पाळावा. आपल्याला जे कळले ते शेजारच्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचवणे ही शिकलेल्या माणसाची जबाबदारी आहे. लेखन हौस म्हणून सुरू झाले तरी चालेल. ते टिकायचे असेल तर ही जबाबदारी मानावीच लागेल.