शिकस्त

घोटीच्या आमच्या वर्गातील एका मुलीने उर्दू निबंधात लिहिले, 'अब्बा ने कोशिश की शिकस्त की.' वडील भाताच्या गिरणीत हमाल. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव, म्हणून आम्ही लाल शाईने काट मारली. मुलगी म्हणाली, "सर, बाजार में सब ऐसाइच बोलते." त्या 'ऐसाइच'लाही आम्ही टोकले. मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे अंगात होती नव्हती ती ताकद लावणे, आणि तिला नेमके तेच सांगायचे होते. तेव्हापासून ती काट आम्हाला खुपते आहे.

शब्द ज्या गावात राबतो, तिथला अर्थ घेतो. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांतील तडजोड. मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. फितूर म्हणजे तिकडे बिघाड, इकडे शत्रूला मिळालेला माणूस. उर्दूने तरी वेगळे काय केले? अरबीतला गरीब म्हणजे परका, परदेशी. तो उर्दूत निर्धन झाला, त्याला आम्ही कधी चूक म्हटले नाही!

1674च्या राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याला पंतप्रधान हे संस्कृत नाव मिळाले, राज्यव्यवहारकोशही झाला. तरी पुढच्या शतकात लोकांच्या तोंडी पेशवा हाच शब्द राहिला. आमच्या शेजारच्या भगूरचे सावरकर यांनी तारखेला दिनांक सुचवला. अर्जावर तो छापला जातो, पण कोर्टात मिळते ती तारीखच.

फारसी शब्द परके ठरवले की आमच्या मनाला लागते. उद्या ते बोलणारेही परके ठरतील, अशी धास्ती वाटते. आणि वर्गात आमची लाल शाई तेच करत होती, उलट्या बाजूने. 'ऐसाइच'मधला 'च' मराठीचा, 'नक्को' मराठीचा. दखनीने ते शतकांपूर्वी घेतले. आमच्या आया त्यातच रागावल्या आणि त्यातच लाड केले.

अर्थात परीक्षेत प्रमाण उर्दूच लागते. ती शिकवली नाही तर हमालाच्या मुलीचेच नुकसान, हेही आम्ही जाणतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर शिकस्त लिहून आम्ही दोन रकाने आखले, एक उर्दूचा, एक मराठीचा. मुले भराभर शब्द सांगू लागली. त्या मुलीचा कापलेला गुण मात्र आम्ही परत दिला नाही. ते बरोबर केले का, अजून ठरत नाही.