गाऱ्हाण्याची परवानगी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायला आधी अर्ज लागत नाही. नारळ ठेवायचा, मागणं बोलायचं, भोवतालच्या मंडळींनी ‘होय महाराजा’ म्हणायचं. देव ऐकेल की नाही ही पुढची गोष्ट. राज्याच्या दारात मात्र उंबरठाच उंच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची. तेवढं थांबण्यासारखं नसेल तर नोटिशीविना दाव्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यायची. कोर्ट फी परवडत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावण्याची वेगळी परवानगी, आणि त्या अर्जासोबत आपल्या मालमत्तेची किमतीसह यादी. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. तिथल्या माणसानं त्या यादीत काय लिहायचं?

धरण खेकड्यांनी फोडलं, असं तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत म्हणाले. लोक हसले; पण हा जुनाच दैववाद, फक्त दैवाला नांग्या फुटलेल्या. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, आणि ज्याची वर्दी आधी मिळते त्याला दैव म्हणत नाहीत. आपल्या धर्मशास्त्रानंही राजाला ही पळवाट ठेवलेली नाही. चोरीला गेलेला माल राजानं प्रजेला द्यावा, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. सापडत नसेल तर स्वतःच्या द्रव्यातून भरून द्यावा, असं कौटिल्य. सहावा हिस्सा घेऊन रक्षण न करणाऱ्या राजाच्या माथी मनू प्रजेचं पाप मारतो. (मनूचे बाकीचे हिशेब मला मान्य नाहीत, हा आहे.) म्हणजे कर हे रक्षणाचं वेतन, आणि न झालेलं रक्षण हे राजाच्या डोक्यावरचं ऋण. याउलट १९६४ चा कस्तुरीलाल खटल्याचा निकाल पाहा. मीरतमध्ये पोलिसांनी जप्त केलेलं सोनं हवालदारच घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि हे सार्वभौम काम म्हणून राज्य जबाबदार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. याज्ञवल्क्यानं ते सोनं राजाकडून भरून घेतलं असतं. १९९४ च्या नागेंद्र राव निकालानं ही ढाल बरीच बोथट केली, तरी उंबरठा उरलाच.

कुणी म्हणेल, खजिना लोकांचा, मग भरपाईही लोकांच्याच खिशातून. खरं आहे, पण तो भरला रक्षणासाठीच. नोटिशीमुळे सरकारला कोर्टाबाहेर मिटवायला वेळ मिळतो, हा आक्षेप अधिक वजनाचा. मात्र अशा नोटिशींना बहुधा उत्तरच जात नाही किंवा मोघम जातं, हे २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंच नोंदवलं. आणि सरकारनं मदत तर दिली ना? मदत ही दया. ती देणाऱ्याच्या मर्जीवर; देणेकऱ्याची चूक तिनं कबूल होत नाही. ऋण मागायला धनकोनं परवानगी का काढावी?

अपघाती मृत्यूच्या भरपाईचा दावा १८५५ च्या कायद्याखाली मृत्यूपासून दोन वर्षांत लावावा लागतो. तिवरेतल्या मृतांसाठी ती मुदत, कोरोनाकाळातली सूट धरूनही, केव्हाच संपली.