सल्ला विचारण्याची अमानत

जुम्याच्या नमाजनंतर हौजाजवळ एक तरुण माझ्यासाठी थांबला होता. पुण्याच्या एका कंपनीत तो बारा-चौदा माणसांच्या गटाचा प्रमुख आहे. सलाम-दुआ झाल्यावर म्हणाला, "मौलाना, एक मसला विचारायचा होता. पुढच्या महिन्यापासून आमच्या गटाला रात्रपाळी लागणार आहे. वरून ठरलंय, लेखी आदेशही आलाय. पण मला सांगितलंय की आधी सगळ्यांची बैठक घ्या, प्रत्येकाचं मत विचारा. म्हणजे आपल्याला विचारूनच झालं असं त्यांना वाटेल. मी असं विचारलं, तर ते खोटं बोलणं होईल का?"

मी घाईत होतो. निर्णय तुझा नाही, तू केवळ मध्यस्थ आहेस, तेव्हा गुनाह तुझ्या माथी येत नाही, असे काहीसे सांगून मी त्याला वाटेला लावले. त्याचे समाधान झाले. माझे झाले नाही. त्याचे एक कारण माझ्या स्वतःच्या कपाटात होते. ते पुढे सांगेन.

प्रश्न वरवर लहान दिसतो. कार्यालये, शाळा, पतसंस्था, मशिदींचे ट्रस्ट, सर्वत्र आज बैठका होतात, मते मागवली जातात, सूचनापेट्या लावल्या जातात. उत्तम नेता तो जो सर्वांना बरोबर घेऊन चालतो, हे वाक्य आता प्रत्येक प्रशिक्षण वर्गात ऐकू येते. पण बरोबर घेणे म्हणजे नेमके काय? सल्ला हे चांगला निर्णय घेण्याचे साधन आहे, की ज्यांच्यावर त्या निर्णयाचा भार पडणार त्यांचा तो हक्क आहे? साधन असेल, तर ज्याला आपण सर्वांहून शहाणे असल्याची खात्री आहे त्याने सल्ला विचारण्याचे कारणच उरत नाही. आणि हक्क असेल, तर तो देण्याचे नाटक करणे ही चोरी ठरते.

मराठीत आपण 'सल्लामसलत' म्हणतो. महाविद्यालयात बखरी वाचताना 'मसलत' हा शब्द पानोपानी भेटे, आणि बहुधा तो एखाद्या गुप्त बेताच्या अर्थाने येई. मदरशात अरबी शिकून आलेल्या मला त्याची गंमत वाटायची. कारण 'सल्ला' म्हणजे मूळचा 'सलाह' आणि 'मसलत' म्हणजे 'मसलहत'. दोन्हींचा धातू एकच, आणि त्याचा अर्थ भले होणे, बिघडलेले नीट होणे. म्हणजे आपल्या जोडशब्दाच्या दोन्ही अंगांत कल्याणच भरलेले आहे. कारस्थान त्यात मागाहून शिरले. 'शूरा' या शब्दाविषयी अरबी कोशकार सांगतात, की पोळ्यातून मध काढण्याच्या क्रियेशी त्याचे नाते आहे. मध काढणाऱ्याला पोळ्यात हात घालावा लागतो, आणि माश्या डसणार हे त्याला ठाऊक असते.

पवित्र कुरआनात एका सूरतचे नावच 'अश-शूरा' आहे. तिच्या अडतिसाव्या आयतीत श्रद्धावंतांचे गुण सांगताना, ते नमाज कायम करतात आणि अल्लाहने दिलेल्यातून खर्च करतात या दोन गोष्टींच्या मधोमध, त्यांचे व्यवहार परस्परांच्या सल्ल्याने चालतात असे म्हटले आहे. ही सूरत मक्केतील आहे. त्या काळी मुसलमानांच्या हाती ना राज्य होते, ना खजिना, ना फौज. तरीही हा गुण नमाजच्या शेजारी बसवला गेला. यावरून मला वाटते, की शूरा ही मुळात कारभाराची युक्ती नाही. ती माणसाच्या स्वभावाची बाब आहे. सूरह अल-बकराच्या दोनशे तेहतिसाव्या आयतीत तर दूधपित्या बाळाचे दूध केव्हा तोडावे हेही आई-बापांनी आपसांतील संमतीने व सल्ल्याने ठरवावे, असे मार्गदर्शन आहे. घरात पत्नीला न विचारता सर्व काही ठरवणारे आपण बाहेरच्या संस्थांतील हुकूमशाहीविषयी मोठ्या तळमळीने बोलतो, हे जाता जाता नमूद करतो.

परंतु या प्रश्नाचा खरा उलगडा होतो तो उहुदच्या प्रसंगात.

हिजरी सन 3, म्हणजे इ.स. 625. मक्केचे सैन्य मदीनेवर चालून आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा स्वतःचा कल शहरात राहून बचाव करण्याकडे होता. त्यांनी सहाबांना एकत्र करून विचारले. ज्यांना बद्रच्या लढाईत भाग घेता आला नव्हता अशा तरुणांचा आग्रह होता, की बाहेर पडून सामना करावा. त्यांचे मत प्रबळ ठरले. प्रेषितांनी (स.) ते मान्य केले, आत जाऊन चिलखत चढवले. तेवढ्यात तरुणांना पश्चात्ताप झाला, आपण बळजबरी केली की काय, असे वाटून ते म्हणाले की आपली इच्छा असेल तर शहरातच राहू. आता मात्र प्रेषितांनी (स.) नकार दिला, चिलखत घातल्यावर लढाईवाचून ते उतरवणे नबीला शोभत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

पुढचे आपणा सर्वांना माहीत आहे. टेकडीवर नेमलेल्या पन्नास तिरंदाजांपैकी बहुतेकांनी जागा सोडली, मागून हल्ला झाला, सुमारे सत्तर सहाबा शहीद झाले. हजरत हमजा (रजि.) गेले. स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले.

कोणत्याही आधुनिक संस्थेत या घटनेचा अहवाल कसा लिहिला गेला असता, याची कल्पना करून पाहा. प्रमुखाचे मत योग्य होते, बहुमताने ते डावलले, नुकसान झाले. निष्कर्ष उघड आहे, की यापुढे महत्त्वाचे निर्णय प्रमुखाने एकट्याने घ्यावेत. पण नेमक्या याच पराभवाच्या पार्श्वभूमीवर सूरह आलि-इमरानची एकशे एकोणसाठावी आयत अवतरली. तीत प्रेषितांना (स.) सांगण्यात आले, की आपण या लोकांशी मृदू वागलात ही अल्लाहची कृपा, आपण कठोर असता तर हे पांगून गेले असते. आणि मग तीन आज्ञा एकामागोमाग आल्या: त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमायाचना करा, आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेत राहा.

तिसरी आज्ञा मी अनेक वर्षे वाचत होतो, पण तिच्या स्थानाकडे माझे लक्ष गेले नव्हते. ज्यांचा सल्ला मानून हानी झाली आणि ज्यांच्या हातून चूक घडली, ते सर्व त्या जमावात होते, आणि पुन्हा त्यांनाच विचारा असे सांगितले जात आहे. माफी दिली पण बैठकीतून वगळले, अशी अर्धवट माफी या आयतीत नाही. सल्ला केवळ अचूक निर्णयासाठी असता, तर उहुदनंतर तो रद्द व्हायला हवा होता. तो रद्द झाला नाही. उलट त्याची ताकीद झाली.

याच प्रसंगात दुसरेही एक पात्र आहे. अब्दुल्लाह इब्न उबय्य याचेही मत शहरात राहण्याचेच होते. म्हणजे ज्या मताला बाजूला सारले गेले ते प्रेषितांचेही (स.) होते आणि त्याचेही. पण आपले न ऐकता पोरांचे ऐकले अशी तक्रार करीत तो सुमारे तीनशे माणसे घेऊन वाटेतूनच परतला, आणि प्रेषित (स.) उरलेल्या सातशेंना घेऊन पुढे गेले. मत एक, नकार एक, आणि वाटा दोन.

आता विद्वानांनी या आयतीवर केलेली चर्चा पाहू. इमाम तबरी (रह.) यांनी आपल्या तफसीरमध्ये अनेक मते नोंदवली आहेत. वही येणाऱ्या नबीला माणसांच्या सल्ल्याची गरज काय, हा प्रश्न त्या काळीही पडला होता. काहींचे म्हणणे असे, की सहाबांची मने राखावीत म्हणून ही आज्ञा झाली. काहींच्या मते सल्ल्यातच भलाई आहे म्हणून. तर काहींच्या मते पुढच्या लोकांनी हा कित्ता गिरवावा म्हणून. यांतील पहिले मत आजच्या व्यवस्थापकांना फार आवडेल. लोकांना बरे वाटावे म्हणून विचारा! माझ्या तरुण मित्राच्या वरिष्ठांनी त्याला हेच तर सांगितले होते.

परंतु हनफी विद्वान इमाम अबू बकर जस्सास (रह., निधन हिजरी 370) यांनी 'अहकामुल कुरआन' या ग्रंथात या मतावर असा काही आक्षेप घेतला आहे, की तो वाचून मी पुस्तक मिटवून काही वेळ तसाच बसलो. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा: केवळ मन राखण्यासाठी सल्ला विचारला जातो हे मानणेच शक्य नाही. कारण आपण सर्व बुद्धी पणाला लावून मत दिले तरी ते विचारात घेतले जाणार नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांचे मन अशा विचारण्याने राखले जात नाही, त्यांचा सन्मानही होत नाही. उलट ते दुरावतात. म्हणजे मन राखायचे असेल, तरी सल्ला खराच विचारावा लागतो. ढोंग आपला स्वतःचा हेतूदेखील साध्य करू शकत नाही. हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी बगदादमध्ये बसून या बुजुर्गाने आपल्या सूचनापेट्यांचे रहस्य उघडे केले आहे.

याचा अर्थ नेत्याने प्रत्येक वेळी बहुमतापुढे मान तुकवावी असा होतो का? याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. सल्ला अमीरवर बंधनकारक आहे असे काही मानतात आणि उहुदचाच दाखला देतात. इतर म्हणतात की त्याच आयतीत पुढे निश्चय करण्याचा उल्लेख आहे आणि तो निश्चय अमीरचा आहे. माझा स्वतःचा कल पहिल्या मताकडे आहे, पण दुसऱ्या बाजूचे पारडे हलके नाही. प्रेषितांच्या (स.) निधनानंतर काही कबिल्यांनी जकात नाकारली, तेव्हा त्यांच्याशी लढण्यास हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्यांनी हरकत घेतली. हजरत अबू बकर (रजि.) ठाम राहिले. मात्र त्यांनी आपली भूमिका आणि तिचे कारण उघडपणे मांडले, आणि हजरत उमर (रजि.) यांना ते पटले. निर्णय आधीच झालेला असताना तो झालेला नाही असे भासवून मते गोळा करण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

बद्रच्या वेळची एक हकीकत सीरतच्या ग्रंथांत येते. मुक्कामाची जागा पाहून हजरत हुबाब इब्न मुंजिर (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारले, की ही जागा अल्लाहच्या आदेशाने ठरली आहे, की हा युद्धनीतीचा विचार आहे? विचार आहे असे उत्तर मिळताच त्यांनी पाण्याच्या जवळची दुसरी जागा सुचवली, आणि मुक्काम हलवला गेला. मला या हकीकतीत सुचवलेल्या जागेहून तो आधीचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. आदेश कोठे संपतो आणि चर्चा कोठे सुरू होते, हे एक साधा सैनिक आपल्या सेनापतीला निर्भयपणे विचारू शकत होता, आणि त्याला खरे उत्तर मिळत होते. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार असतो, ही हदीस आपण नेहमी ऐकतो. सल्ला मागणाऱ्यावरही अमानत आहे: समोरच्याने दिलेला वेळ, त्याची बुद्धी आणि त्याची आशा.

पुढच्या जुम्याला मी त्या तरुणाला शोधून काढले आणि माझे आधीचे उत्तर मागे घेतले. त्याला म्हणालो, "रात्रपाळी लागणार हे ठरलंय, ते पहिल्याच वाक्यात सांगून टाक. मग जे ठरलेलं नाही ते विचार. कोणाची आई आजारी आहे, कोणाला कोणत्या रात्री सवलत हवी, पाळ्यांचा क्रम कसा लावायचा. तेवढं खरोखर तुझ्या हातात आहे." तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "वरच्यांना हे आवडणार नाही, मौलाना." हे खरे होते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पगार त्याचा जाणार होता, माझा नव्हे.

आता माझ्या कपाटाविषयी. आमच्या मशिदीत सायंकाळचा मकतब चालतो. पाच शिक्षक आहेत. मुलींना एक आपा शिकवतात. दोन वर्षांपूर्वी मी मकतबची वेळ मगरिबनंतर करायचे मनाशी ठरवले, आणि मग सर्वांना मशवऱ्यासाठी बोलावले. तासभर बैठक चालली. मी वहीत सर्वांची मते लिहून घेतली. आपांनी सांगितले, की काळोख पडल्यावर पलीकडच्या वस्तीतल्या मुली येणार नाहीत, रस्त्यावर दिवे नाहीत. मी मान डोलावली, ते वाक्यही लिहिले. बैठक संपल्यावर हजेरीपत्रक काढण्यासाठी त्यांनी कपाट उघडले, तेव्हा वरच्याच फळीवर नव्या वेळेच्या छापील पत्रकांचा गठ्ठा होता. त्यांनी एक पत्रक उचलले, वाचले, आणि जागच्या जागी ठेवून दिले. "मौलाना, कागद आधीच छापले होते, तर आम्हाला बोलावलंत कशाला?" एवढेच त्या म्हणाल्या.

पलीकडच्या वस्तीतल्या मुली येईनाशा झाल्या. तीन महिन्यांनी मी वेळ पूर्ववत केली, आपांची माफीही मागितली. त्यांनी ती दिली. मकतब आता ठीक चालले आहे. गेल्या महिन्यात उन्हाळी वर्गाची आखणी करायची होती. या वेळी खरोखर काहीच ठरवलेले नव्हते. माझ्यासमोर कोरी वही होती. मी सर्वांना विचारत आपांपर्यंत आलो. त्यांनी पदर सावरला आणि नम्रपणे म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल ते." पूर्वी हे वाक्य कोणी बोलले की मला बरे वाटायचे. मी वही उघडी ठेवून थांबलो. बराच वेळ थांबलो.